पावसाळ्याआधी रेन ट्रीची छाटणी: ठेकेदार म्हणतो "पंधरा फुटांवर सगळं उडवू". करावं का?

सोसायटी_सचिव (पुणे):

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमची सोसायटी आहे. दोन इमारती, मधे पार्किंग. आवारात एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे, सगळे त्याला रेन ट्रीच म्हणतात. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर २ मीटर २० सेंमी भरला. उंची साधारण पाचव्या मजल्याच्या गच्चीइतकी. जमिनीपासून ४ मीटरवर खोड दुभागलंय. एक बाहू पार्किंगवर आडवा गेलाय, दुसरा बी विंगच्या बाल्कन्यांकडे. पार्किंगवरच्या बाहूत मनगटाएवढ्या जाडीच्या काही वाळक्या फांद्या दिसतात. गेल्या वर्षी ड्रेनेजची लाइन बदलताना खोडापासून दीड मीटरवर, पश्चिमेच्या बाजूला, चर खणला होता.

गेटपाशी एक गुलमोहरही आहे, रस्त्याकडे कललेला. बुंध्याला जमिनीलगत तपकिरी, वरून चकचकीत, कडेला पांढरट अशा कडक छत्र्या आल्यात. यंदाही भरपूर फुललाय, म्हणून निम्मे सभासद म्हणतात की झाड ठणठणीत आहे. त्याच्या फांद्यांतून इमारतीची विजेची सर्व्हिस वायर जाते.

ठेकेदार म्हणतो, रेन ट्री पंधरा फुटांवर सपाट कापतो, दोन माणसं, एक चेनसॉ, एका दिवसात काम. "पाच वर्षं बघायला नको." मला हे पटत नाही, पण मीटिंगमध्ये मांडायला मुद्दे हवेत. नेमकं किती आणि कसं कापावं? परवानगीचं काय? कामाच्या दिवशी आम्ही खाली उभं राहून काय बघायचं?

---

फांदीवाला:

सचिवसाहेब, पंधरा फुटांवर सपाट कापायला अजिबात होकार देऊ नका. त्याला छाटणी म्हणत नाहीत, आणि पाच वर्षं बघायला नको हे तर पूर्ण उलटं आहे. तिसऱ्या वर्षापासून ते झाड आजच्यापेक्षा धोकादायक होतं. कारण सांगतो.

झाडाचं अन्न पानांत तयार होतं. सगळा पर्णसंभार एका दिवसात गेला की झाड साठवणीतलं पिष्ट वापरून सालीखालचे सुप्त डोळे फोडतं. कापलेल्या तोंडाभोवती दहा-पंधरा पानसोट, म्हणजे सरळ वर जाणारे जोमदार फुटवे, झाडूसारखे उभे राहतात. मूळची फांदी खोडात आतपर्यंत गुंतलेली असते, वर्षागणिक लाकडाचे थर तिच्याभोवती चढलेले असतात. पानसोट फक्त बाहेरच्या नव्या थराला चिकटलेला असतो. रेन ट्रीत तो दोन-तीन पावसाळ्यांत चार-पाच मीटर लांब होतो आणि टोकाला सगळी पानं. तोवर खालचं कापलेलं तोंड कुजायला लागलेलं असतं. म्हणजे वजन वाढतंय आणि पकड कमी होतेय. वळवाच्या पहिल्या वादळात हेच पानसोट बुडापासून निखळतात.

दुसरं, इतकी वर्षं सावलीत राहिलेली साल एप्रिल-मे महिन्याच्या उन्हात अचानक उघडी पडते. पश्चिमेकडची साल भाजून तडकते आणि तिथून भुंगेरे व बुरशी शिरतात. तिसरं, कोवळ्या फुटव्यांवर पिठ्या ढेकूण लवकर बसतो. मुंबईत या किडीच्या प्रादुर्भावानंतर कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळले. अशक्त झालेल्या झाडाला ही कीड पेलत नाही.

आता काय करायचं ते. एका वर्षात जिवंत पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा. तुमच्या झाडाची मुळं एका बाजूने तुटलीत, त्यामुळे मी १० ते १५ टक्क्यांवर थांबेन. त्यात क्रम असा: आधी वाळकं आणि मोडकं सगळं काढायचं, ते टक्केवारीत धरायचं नाही. मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक. मग पार्किंगवरच्या आणि बाल्कनीकडच्या बाहूची टोकं दीड ते दोन मीटरने आत घ्यायची.

टोक आत घेताना मधेच कुठेही कापायचं नाही. खाली जिथे बाजूची सशक्त फांदी फुटलीय तिथपर्यंत यायचं, आणि ती फांदी कापलेल्या फांदीच्या किमान एक-तृतीयांश जाडीची हवी. २४ सेंमीची फांदी कापली तर राहणारी बाजूची फांदी ८ सेंमीहून जाड. तेवढी असेल तर ती रस ओढते, टोकाची जागा घेते आणि पानसोटांचा झाडू येत नाही. तोंड शक्यतो १० सेंमीपेक्षा मोठं होऊ द्यायचं नाही. मोठं तोंड भरायला वर्षं लागतात आणि मधल्या गाभ्याच्या लाकडाला कुज रोखण्याची ताकद कमी असते.

अजून एक चूक सर्रास होते. माणूस खोडाजवळ बसून हाताला येतील त्या आतल्या फांद्या साफ करत जातो आणि टोकाचा झुपका तसाच ठेवतो, कारण टोकापर्यंत जाणं अवघड. खालून बघायला झाड मोकळं, हवेशीर दिसतं. पण सगळं वजन टोकाशी जमा झाल्यामुळे बाहूच्या बुडावरचा ताण तसाच राहतो, आणि वाऱ्यात झोका शोषून घेणाऱ्या आतल्या फांद्या गेलेल्या असतात. तुमच्या पार्किंगवरच्या आडव्या बाहूला हे झालं तर तो मोडेल. ठेकेदाराला स्पष्ट सांगा, कापायचं ते टोकाकडून.

---

करवत:

वरच्याशी सहमत. मी फक्त काप आणि दोर यांबद्दल लिहितो, कारण कामाच्या दिवशी बिघडतं ते तिथेच.

फांदी जिथून फुटते तिथे बुडाशी सुजल्यासारखी गोल कड असते, तिला कॉलर म्हणतात. वरच्या बेचक्यात सालीची सुरकुतलेली उंच रेघ असते. या दोन्हींच्या बाहेरून काप घ्यायचा. कॉलरमध्ये खोडाचंच लाकूड असतं आणि जखम बंद करणारी ऊती तिथूनच वाढते. खोडाला घासून सपाट कापलं की कॉलर जाते, जखम दीडपट-दुप्पट मोठी होते आणि भरते ती फक्त दोन्ही बाजूंनी, वर-खाली उघडी राहते. उलट हातभर खुंट सोडला तर तो वाळतो, कुजतो, आणि कुज त्याच वाटेने आत जाते. वर्षभराने बघा. चारही बाजूंनी सारखी गोल कड आली असेल तर काप बरोबर होता.

चार-पाच सेंमीहून जाड फांदी एका कापात कधीच नाही. तीन काप. पहिला कॉलरपासून ३० सेंमी बाहेर, खालून वर, जाडीच्या एक-तृतीयांश. इथे जास्त खोल गेलात तर पातं अडकतं. दुसरा त्याच्या ३-४ सेंमी आणखी बाहेर, वरून खाली. फांदी वजनाने मोडते आणि फाटत येणारी साल खालच्या कापाशी थांबते. मग उरलेला हलका खुंट हाताने धरून तिसरा काप कॉलरच्या बाहेर. खालचा काप न घेता वरून कापलं की फांदी खाली झुकताना खोडाची साल दोन-तीन हात सोलून घेऊन येते. ती जखम त्या झाडाला जन्मभर पुरते. वाळक्या फांदीला कधी कधी जिवंत कॉलर बोटभर पुढे सरकलेली असते, तिथे कॉलरला हात न लावता फक्त वाळकं लाकूड कापायचं.

आता वजन. ओलं लाकूड घनमीटरला ८०० ते १००० किलो धरायचं. ३० सेंमी जाड, ३ मीटर लांब ओंडका म्हणजे ०.२१ घनमीटर, म्हणजे १७० ते २१० किलो, पानं-डहाळ्या वेगळ्या. हा ओंडका दोरावर एक मीटर जरी मोकळा पडून थांबला तर दोराला बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. वर कप्पी लावलेली असेल तर कप्पीच्या जागी जवळजवळ दुप्पट ओढ येते, कारण एका बाजूला ओंडका आणि दुसऱ्या बाजूला दोर धरणारा. म्हणून कप्पी ज्या बेचक्यात बांधली ते बेचकं आधी तपासायचं, दोराची जाडी नंतर.

दोर १२ मिमीचा विणीचा नायलॉन किंवा पॉलिस्टर. तुटण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त वजन टांगायचं नाही. बाजारातला निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर नको, घर्षणाने तापून वितळतो. खाली दोर नुसत्या हातात धरायचा नाही. शेजारच्या भक्कम खोडाला किंवा याच झाडाच्या बुंध्याला तीन वेढे घालून सोडायचा, म्हणजे एक माणूस हळूहळू ढील देऊ शकतो. हाताला किंवा कमरेला दोर गुंडाळणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवा.

वर चढलेल्याचं बघायचं ते असं: चेनसॉ चालू असताना त्याला दोन जागी बांधलेलं हवं, एक मुख्य दोर आणि दुसरा कमरेचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात तारेचा गाभा असेल तर उत्तम, कारण साखळी साधा दोर निमिषात कापते. सॉ दोन्ही हातांनी. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की सॉ उसळून तोंडाकडे येतो, एका हाताने तो आवरत नाही. वर लहान, १२-१४ इंची पात्याचा सॉ पुरतो. मोठा सॉ खाली ओंडके करायला. साखळीतून भुसा पिठासारखा पडत असेल तर दात बोथट झालेत. धारदार साखळी कीस काढते. बोथट साखळीने माणूस जोर लावतो आणि तिथेच पाय सटकतो.

---

वनस्पती_पुणे:

गुलमोहराबद्दल. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती गॅनोडर्मा बुरशी दिसते. मुळांतलं आणि बुंध्यातलं लाकूड कुजवते. ती छत्री म्हणजे बुरशीचं फळ, आत तिची वाढ आधीच बरीच झालेली असते. फुलं भरपूर येणं हा प्रकृतीचा पुरावा नाही. रस वाहणारा बाहेरचा थर जिवंत असेपर्यंत झाड फुलत राहतं, वजन पेलणारा आतला भाग आणि मुळं मात्र गेलेली असतात. गुलमोहराची मुळं मुळातच उथळ. पहिल्या पावसाने माती मऊ झाली आणि वारा आला की असं झाड मुळांसकट पालथं होतं, फांदी मोडायची वाटच बघत नाही.

खात्री करायला साधे उपाय आहेत. लाकडी किंवा रबरी हातोड्याने बुंध्यावर गोल फिरत ठोका, जमिनीपासून कमरेपर्यंत. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी ढब्ब. छत्रीच्या शेजारी आणि मुळांच्या बगलेत ५ मिमीची लोखंडी सळई हाताने दाबून बघा. सळई चार बोटं खोल सहज गेली तर लाकूड कुजलेलं आहे, प्रश्न मिटला. बुंध्याभोवतीची माती एक वीत उकरून मुख्य मुळं बघा, साल हाताने सुटते का, आत पांढरट, स्पंजासारखं लाकूड आहे का. कलाच्या विरुद्ध बाजूला जमिनीत अर्धवर्तुळाकार भेग किंवा माती उचललेली दिसली तर गाड्या आजच हलवा.

रेन ट्रीचं. घेर २२० सेंमी, भागिले ३.१४, म्हणजे व्यास ७० सेंमी. व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे तुमच्याकडे साधारण २.१ मीटरच्या आत, झाडाला उभं धरणारी जाड मुळं असतात. चर दीड मीटरवर आहे, त्यामुळे पश्चिमेकडची काही मुळं नक्की तुटली असणार. पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. वाऱ्याकडच्या बाजूची मुळं झाडाला ओढून धरतात, आणि तुमची नेमकी तीच बाजू कमकुवत झालीय. म्हणून फांदीवाला यांनी सांगितलेले १०-१५ टक्के योग्य, आणि तेही मुख्यतः वरच्या व पूर्वेकडे झुकलेल्या टोकांमधून. चराची जागा खुरप्याने उघडून ५ सेंमीहून जाड किती मुळं तुटलीत आणि तोंडं कुजतायत का ते कामाआधी बघून घ्या. ती संख्या मोठी असेल तर फांद्यांचा निर्णय बदलू शकतो.

दुभागलेल्या जागेकडे दुर्बिणीने बघा. बेचकं यू आकाराचं आणि मधे सालीची उंच रेघ वर आलेली असेल तर जोड चांगला. व्ही आकाराचं अरुंद, साल आत दुमडलेली, दोन्ही बाजूंना कानासारखे फुगवटे, आणि त्यातून पाणी किंवा मुंग्यांची रांग असेल तर जोड कच्चा. अशा वेळी दोन्ही बाहूंची टोकं हलकी करायची आणि दुबेळक्यापासून टोकापर्यंतच्या उंचीच्या दोन-तृतीयांशावर केबलने बाहू एकमेकांना बांधायचे. केबल खोडाभोवती आवळून नको, साल गळफास लागल्यासारखी मरते. रुंद पट्टा किंवा आरपार बोल्ट, आणि दर वर्षी तपासणी.

बुंध्याभोवती काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर किमान एक मीटर मोकळं करा. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने झाडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते अंतर किमान समजा.

---

उद्यान_अर्ज:

परवानगी. महापालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. आपल्या आवारातलं, आपण लावलेलं झाड असलं तरी परवानगी लागते. या कायद्यात झाड तोडणे या शब्दात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. त्यामुळे छाटणीच्या परवानगीवर झाड पंधरा फुटांवर सपाट केलं तर ते तोडल्यातच धरलं जाऊ शकतं, आणि उत्तर सोसायटीलाही द्यावं लागेल. हा मुद्दा मीटिंगमध्ये आधी मांडा.

दोन अर्ज वेगळे करा: रेन ट्रीच्या फांद्यांची छाटणी आणि गुलमोहर काढणं. उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने. सोबत सोसायटीचा ठराव, झाडांची जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, आणि फोटो. फोटो असे हवेत की निर्णय करता येईल: पूर्ण झाड दोन बाजूंनी, बुंधा, छत्र्यांचा जवळून फोटो शेजारी पट्टी ठेवून, कल दाखवणारा फोटो कडेला ओळंबा धरून, आणि वायर. रेन ट्रीच्या फोटोवर कापायच्या फांद्या लाल रेघेने दाखवा आणि क्रमांक द्या. जागेवर पाहणी होते तेव्हा याच फोटोवरून बोलता येतं. तोडणीच्या अर्जात झाडावर नोटीस लागते, हरकती येतात, त्यात वेळ जातो. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या कामाचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत द्यायला हवा. आता उशीर झाला असेल तर गुलमोहराच्या अर्जात धोका ठळक लिहा आणि प्रत अग्निशमन दलालाही द्या.

२०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट आलीय. घेरावरून वयाचा अंदाज लिहू नका. रेन ट्री झपाट्याने वाढतो, २२० सेंमीचा घेर तीस-पस्तीस वर्षांतही होतो. इमारतीच्या बांधकामाचं वर्ष, जुने फोटो, यांवरून लिहा.

महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीबाहेर कोणी हे वाचत असेल तर तिथे १९६४ चा वृक्षतोड अधिनियम लागतो. आंबा, फणस, चिंच, साग, जांभूळ, खैर अशा अनुसूचित झाडांना परवानगी हवी.

कामाच्या करारात या गोष्टी लेखी हव्यात: कापायच्या फांद्यांचे क्रमांक, तीन कापांची पद्धत, कामगारांचा विमा, लाकूड व पालापाचोळा कोण कधी नेणार, आणि परवानगीबाहेर एकही फांदी कापली जाणार नाही. लाकडाच्या बदल्यात फुकट काम असा सौदा करू नका. मग जाड लाकूड कापण्यातच ठेकेदाराचा फायदा राहतो.

---

सोसायटी_सचिव (पुणे):

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून मीटिंगला नेतो. अजून तीन शंका. कापलेल्या तोंडाला डांबर लावायचं की बोर्डो पेस्ट? वायरचं काय करायचं, ठेकेदार म्हणतो मेन फ्यूज काढला की झालं. आणि गुलमोहर नेमका कसा उतरवायचा?

---

बागायत_जुन्नर:

बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी विळा बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. ताजी वापरायची, दुसऱ्या दिवशी उपयोग नाही. आंबा, लिंबूवर्गीय बागांत छाटणीनंतर ती लावतातच. डांबर मात्र नको, उन्हात तापून कडेची जिवंत साल मारतं.

---

वनस्पती_पुणे:

डांबर नको यावर एकमत. बोर्डोबद्दल थोडं वेगळं मत आहे. फळबागेत फांद्या लहान, तोंडं लहान, आणि पृष्ठभागावरच्या बुरशीजन्य रोगांचा दाब मोठा, तिथे तिचा उपयोग होतो. मोठ्या झाडाच्या गाभ्यात जाणारी कुज लेपाने थांबत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून हेच दाखवलं: झाड जखम बरी करत नाही, कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालून तो वेगळा पाडतं. भिंती नीट पडतात की नाही हे कॉलर शाबूत आहे का यावर ठरतं, वरच्या लेपावर नाही. त्यामुळे पातळ बोर्डोचा एक हात दिला तर हरकत नाही, पण लेप चकचकीत लावलाय म्हणून चुकीचा काप स्वीकारू नका. लेप लावायच्या आधी प्रत्येक तोंडाचा फोटो घ्या.

---

करवत:

वायर. फ्यूज काढणं पुरेसं नाही. फ्यूजच्या अलीकडची वायर, म्हणजे खांबापासून तुमच्या मीटरपर्यंतची, जिवंतच राहते आणि तुमच्या फांद्यांत तीच आहे. महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन त्या दिवसाचा शटडाऊन घ्यायचा. लाइनमनने येऊन खांबावरून पुरवठा तोडायचा आणि तोडलाय असं लेखी द्यायचं, तोंडी निरोपावर कोणी चढायचं नाही. काम संपल्यावर सगळे उतरलेत, दोर काढलेत, हे त्याला सांगितल्यावरच पुरवठा सुरू. शेजारच्या इमारतीच्या जनरेटर किंवा इन्व्हर्टरमधून उलटा प्रवाह येऊ शकतो, तेही बंद आहेत का बघा. ओला बांबू आणि ओली फांदी दोन्ही वीज वाहतात.

गुलमोहर. बुंधा कुजलेला असल्यामुळे त्यावर माणूस चढवायचा नाही, ही पहिली अट. आणि त्याच खोडाला कप्पी बांधून फांद्याही सोडायच्या नाहीत, झटक्याचं सगळं वजन त्याच कुजक्या मुळांवर येतं. हायड्रॉलिक लिफ्टच्या पिंजऱ्यातून काम करायचं. जाड ओंडक्यांना दुसरी क्रेन, पट्टा आधी ताणून घ्यायचा, मग काप. रस्त्याची बाजू असल्याने वाहतूक शाखेला आधी कळवा, रविवारी सकाळचं काम ठरवा.

आधी रस्त्याकडच्या, म्हणजे कलाच्या बाजूच्या फांद्या हलक्या करायच्या. आतल्या बाजूच्या आधी काढल्या तर तोल आणखी रस्त्याकडे जातो. फांद्या गेल्यावर तीन-साडेतीन मीटरचं खोड उरेल. ते आवाराच्या आत पाडता येतं. पाडायच्या बाजूला खाच: ७० अंश उघडी, खोली व्यासाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. मग मागून काप. मधे व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी न कापता ठेवायची, ५० सेंमीच्या खोडाला ५ सेंमी. ही पट्टी बिजागरी असते, खोड तिच्यावर वळून ठरलेल्या दिशेला जातं. ती पूर्ण कापली की खोड कुठेही जाईल. पण तुमच्याकडे ही पट्टी कुजलेल्या लाकडात पडण्याची शक्यता मोठी, म्हणून काप छत्र्यांपासून वर, टणक आवाज येणाऱ्या उंचीवर घ्या आणि क्रेनचा पट्टा सुटू देऊ नका. तेवढं टणक लाकूड मिळालं नाही तर पाडायचा विचार सोडून तुकड्या-तुकड्यांनी क्रेननेच उतरवा. कापणाऱ्याची मागे सरकायची वाट पाडायच्या दिशेच्या उलट, ४५ अंशात तिरकी, आधीच मोकळी करून ठेवायची. सरळ मागे नाही, बुंधा उसळून मागेच येतो.

उभ्या झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नको. खाली एकच माणूस इशारे देणार, आणि वरच्याने "या" म्हटल्याशिवाय कोणी फांदी ओढायला आत जाणार नाही. बरेच अपघात पडणाऱ्या झाडाने होत नाहीत, ते अडकून राहिलेली फांदी नंतर सुटल्याने होतात.

---

फांदीवाला:

दोन गोष्टी राहिल्या. सकाळी सॉ सुरू करण्याआधी दुर्बिणीने पूर्ण झाड बघा. आग्या मोहोळ असेल तर सॉच्या कंपनाने आणि धुराने ते उठतं, आणि दोराला बांधलेला माणूस पळू शकत नाही. मोहोळ असेल तर काम त्या दिवशी नाही, आधी मोहोळ काढणारे बोलवा, तेही संध्याकाळनंतर.

घरटी तशीच. एप्रिल ते सप्टेंबर हा कित्येक पक्ष्यांचा विणीचा काळ. मोठ्या रेन ट्रीवर बगळे आणि रातबगळे जूनपासून वसाहत करतात. अंडी-पिल्लं असलेली फांदी सोडा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न येतो. धोकादायक नसेल तर पिल्लं उडाल्यावर कापा, पावसाचा जोर ओसरल्यावर.

गुलमोहराचा बुंधा जमिनीखाली निदान एक फूट खणून, जाड मुळांसकट काढा. गॅनोडर्मा उरलेल्या मुळांत वर्षानुवर्षं टिकते. त्या खड्ड्यात पुन्हा गुलमोहर, पेल्टोफोरम (सोनमोहर) किंवा नारळ नको. दोन-तीन मीटर सरकून ताम्हण किंवा बकुळ लावा. बुंध्याकडचं कुजकं लाकूड चिपरमध्ये (भुगा करणाऱ्या यंत्रात) घालून बागेत पसरू नका, ते वेगळं भरून पाठवा. वरच्या निरोगी फांद्यांचा भुगा रेन ट्रीच्या बुंध्याभोवती चार बोटं जाडीचा पसरा, खोडाला न चिकटवता वीतभर जागा सोडून. मुळं तुटलेल्या पश्चिमेच्या बाजूला मे महिन्यात आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, खोडाशी नाही, फांद्यांच्या टोकांखाली.